कार्यालय, मंगल वगळून

दीपमाला वानखेडे लेखिका आहे ही गोष्ट धानोरीच्या 'अमृतकुंज' सोसायटीत फक्त दीपमाला वानखेडेलाच माहीत होती. बाकीच्यांना एवढंच ठाऊक होतं, की ती घरीच असते.

'घरीच असणे' हे त्या सोसायटीत एक पद होतं आणि ते बिनविरोध तिच्याकडे आलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्यांचं कुरियर, चौथ्या मजल्यावरच्यांची किल्ली, कुणाचं सिलिंडर, कुणाकडे येणारा नळवाला, शिवाय पाण्याचा टँकर आला की खाली जाऊन तो भरलेला होता की अर्धा, हे बघून येणं, सगळं तिच्या गळ्यात. "तुम्ही घरीच असता ना" हे वाक्य लोक प्रश्नासारखं सुरू करायचे आणि हुकमासारखं संपवायचे. तळमजल्यावरच्या आनंदीबाईंनी तर एकदा विरजण लावलेलं पातेलं आणून तिच्या ओट्यावर ठेवलं. म्हणाल्या, "आमच्याकडे मांजर येतं हो. तुमच्याकडे निदान कोणीतरी बसलेलं असतं."

आता हे 'बसलेलं कोणीतरी' दिवसभर काय करायचं? लिहायचं. नाल्याकाठी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या माहितीपत्रकात 'जलसान्निध्य' हा शब्द दीपमालाने घातला. लोणच्याच्या बरणीमागे जी आजी सत्तर वर्षं कैऱ्या चिरते आहे, ती आजी दीपमालाची. म्हणजे तिने जन्माला घातलेली. एका शाळेचे मुख्याध्यापक दर पंधरा ऑगस्टला असं काही बोलायचे की पुढच्या रांगेतल्या आया डोळे पुसायच्या. ते भाषणही तिचंच. एकदा ती मुद्दाम ऐकायला गेली, तर शेजारची बाई हुंदका आवरत म्हणाली, "सरांचं वाचन किती आहे बघा." दीपमालाने टाळ्या वाजवल्या. दुसरं करणार काय? एवढं लिहून झालं, पण "हे तुम्ही लिहिलंत का?" असं आजवर एका माणसाने तिला विचारलं नव्हतं. तिला फार मोठं काही नको होतं. पुरस्कार नको, शाल नको, नारळ तर मुळीच नको. कोणीतरी एकदा विचारावं, आणि आपण मान जराशी तिरकी करून "हो, माझंच ते" म्हणावं, इतकंच.

तिचा नवरा संतोष खडकीच्या फॅक्टरीत होता. माणूस देवगुणी, पण कामाची त्याची व्याख्या पक्की. गेटातून आत जायचं, भोंगा वाजला की बाहेर यायचं, ती ड्युटी. पलंगावर मांडी घालून जे होतं ते काम असू शकतं, हे त्याने मन मोठं करून मान्य केलं होतं, समजून घेतलं नव्हतं. त्याच्या एका मित्राच्या ओळखीने शाळेच्या ऑफिसात जागा निघाली, तेव्हा तो भीतभीतच म्हणाला, "दीपा, कायमची नोकरी आहे. पुढच्या एक तारखेपासून या म्हणतात. लिहिणं काय, रविवारी होईल ना बाप्पा."

रविवारी होईल. रविवारी लिहिणाऱ्यांचं काय होतं ते तिने पाहिलं होतं. त्यांच्याकडे अर्ध्या रविवारी पाहुणे येतात आणि बाकीच्या रविवारी डोकं दुखतं. पण नाही म्हणायला तिच्याकडे आधार नव्हता. लोणच्यांच्या नि दातांच्या दवाखान्यांच्या जाहिराती हंगामी. वर्षभर पुरेल असं एक काम हाती आलं, तरच शाळेला नकार देता येणार होता.

आणि नेमका त्याच आठवड्यात अनिरुद्ध पानसे यांचा फोन आला.

पानसे हे सदाशिव पेठेतले प्रकाशक आणि संपादक. दुसऱ्याच्या वाक्यातला अनुस्वार खुपला तर यांना जेवण जात नाही, अशी त्यांची ख्याती. नमस्कार वगैरे प्राथमिक गोष्टींत वेळ न घालवता ते म्हणाले, "एका मोठ्या सर्जनचं आत्मचरित्र लिहायचं आहे. डॉक्टरांनी आयुष्यभर फक्त प्रिस्क्रिप्शनं लिहिली, आणि तीही केमिस्टशिवाय कोणाला लागली नाहीत. लिहिणार तुम्ही, नाव त्यांचं. वर्षाचं काम आहे. जमलं तर पुढे आणखी दोन पुस्तकं आहेत."

"जमेल," दीपमाला म्हणाली.

"ते मी ठरवीन. आपण बसता कुठे?"

"म्हणजे?"

"लिहायला. घरी बसून लिहिणाऱ्यांचा मला अनुभव आहे. मागच्या बाईंनी बाराव्या प्रकरणात डॉक्टरांच्या मुंजीऐवजी स्वतःच्या भाच्याची मुंज लिहून पाठवली. घरात तयारी चालली होती म्हणे. मी जागा बघितल्याशिवाय काम देत नाही."

इथे दीपमालाने 'हो, घरीच बसते' असं खरं सांगून टाकलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याच क्षणी दाराची बेल वाजली, बाहेरून "आहात ना घरी?" अशी आरोळी आली आणि तिचा स्वाभिमान जो खवळला तो थेट फोनवर बोलून बसला: "माझं स्वतंत्र कार्यालय आहे."

"उत्तम. श्रावणातल्या पहिल्या गुरुवारी येतो. पत्ता पाठवा," पानसे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आता कार्यालय पैदा करणं आलं. सोसायटीत एक क्लबहाऊस होतं. त्यात एक मोडका कॅरम बोर्ड आणि गणपतीची मखरं राहायची. दीपमालाने सेक्रेटरींना विचारलं, रोज सकाळी तिथे बसून लिहू का? सेक्रेटरींचा चेहरा गंभीर झाला. सोसायटीच्या आवारात व्यावसायिक वापराला बंदी आहे, वार्षिक सभेत ठराव आणावा लागेल, सभा मार्चमध्ये, असं त्यांनी समजावून सांगितलं. आणि जाता जाता म्हणाले, "माझं एक पार्सल येणार आहे दुपारी, घेऊन ठेवाल?" ही व्यावसायिक वापराला बंदी असलेली इमारत तिच्या दिवाणखान्यात अख्खं पोस्ट ऑफिस चालवत होती, पण ते नियमात बसत होतं.

आनंदीबाईंचा सल्ला न मागता आला. त्यांच्या मते राममंदिराच्या मागचा ओटा फार शांत. दीपमाला गेली. ओटा शांतच होता, पण लॅपटॉप उघडून बसलेली बाई बघून लोक चप्पल काढून तिच्यापुढे उभे राहू लागले. एकाने पावतीच मागितली, अभिषेकाची. मग वाचनालय. तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं एवढ्या निष्ठेने बसलेली, की तिच्या कीबोर्डचा टकटक आवाज झाला तर दहा माना एकदम वळायच्या. तिसऱ्या दिवशी तिने एक जोडाक्षर जरा जोरात टाइप केलं, तर तिला बाहेर जायला सांगितलं. मग कॉफी प्यायची ठिकाणं. तर तिथे शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी लग्न मोडत होतं आणि दीपमालाचं सगळं लक्ष तिकडे.

गुरुवार जवळ येत चालला. तिचं जेवण सुटलं. आणि मग भाजी घेताना भेटले संपतराव.

'अमृतकुंज' ज्या जमिनीवर उभी आहे ते एकेकाळी संपतरावांचं ज्वारीचं रान. गाव शहरात आलं, रानात टॉवर आले, आणि उरलेल्या तुकड्यावर संपतरावांनी आईच्या नावाने लग्नाचा हॉल बांधला. त्याचं माहितीपत्रक दीपमालानेच लिहिलं होतं. त्यात तिने पार्किंगला 'प्रशस्त अंगण' म्हटलं होतं आणि संपतराव त्यावर बेहद्द खूश होते. तिची अडचण ऐकून ते म्हणाले, "आवं ताई, मग आपलं कार्यालय हाय की! आता चातुर्मास. एकबी मुहूर्त न्हाई. नुस्तं कबुतरं असत्यात. बसा की खुशाल."

कार्यालय! दीपमालाच्या कानात तो शब्द घंटेसारखा वाजला. आपली मराठी किती उदार आहे बघा. कचेरीलाही कार्यालय आणि बोहल्यालाही कार्यालय. खोटं बोलल्याचं पाप नको, म्हणून तिने फक्त एक शब्द गाळला आणि पानश्यांना पत्ता पाठवला: 'बायडाबाई कार्यालय, धानोरी'. पानश्यांचं उत्तर आलं: "नाव मराठी आहे. समाधान वाटलं."

तिला मिळाली 'वधूपक्ष' खोली. चारी बाजूंनी बल्ब लावलेला आरसा, आरशावर आजवरच्या नवऱ्यांच्या नव्हे, नवऱ्या मुलींच्या चिकटवून ठेवलेल्या टिकल्या, खणात सेफ्टी पिना आणि एकच कानातलं. दीपमालाने आरशासमोर शब्दकोश रचले, दारावरच्या 'वधूपक्ष' पाटीवर कॅलेंडर अडकवलं आणि कामाला बसली. आणि काय सांगावं, पहिल्यांदाच तिचं लिखाण सलग होऊ लागलं. व्यत्यय एकच. संपतरावांच्या मातोश्री, खुद्द बायडाबाई, दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि रोज विचारायच्या, "बाई, तुजं लगीन झालंया न्हवं?"

"झालंय हो, आजी."

"मंग हितं का बसतीस?"

मग दीपमाला शब्दकोश उघडायची.

गुरुवारी ती इस्त्रीची साडी नेसून लवकर पोहोचली, तर फाटकावर झेंडूची कमान. आत मांडव, खुर्च्या, आचाऱ्यांची भलीमोठी पातेली, आणि सनईवाला फुंकर मारून बघतोय. तिने संपतरावांना गाठलं.

"संपतराव, हे काय? चातुर्मासात मुहूर्त नसतात ना?"

"काढीव मुहूर्त हाय, ताई," संपतराव फेटा सारखा करत म्हणाले. "पोरगं परदेशातनं आलंय, रजा संपत आलीया. मग भटजींनी काढला. नसतोय म्हणून तर काढावा लागतोय."

तिने पानश्यांना फोन लावला. लागेना. गाडीवर असताना फोन घ्यायचा नाही हे त्यांचं तत्त्व, आणि तत्त्वापायी माणूस कुठवर जातो ते पुण्यात सांगायला नको. मग निदान शब्दकोश तरी वाचवावेत म्हणून ती 'वधूपक्षा'त घुसली, तर खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तिचा लॅपटॉप होता, पण त्याच्यावर शालू वाळत घातल्यासारखा पसरलेला. नवरीची आत्या तिच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही मेकअपवाल्या का?"

"नाही, मी लिहिते."

"काय लिहिता?"

"काहीही," दीपमाला वैतागून म्हणाली.

हा शब्द फार महागात पडला. आत्याने तिचा दंडच धरला. "मग मला उखाणा द्या की लिहून! मोबाईलवरचे सगळ्यांनी घेऊन झाले. मागच्या लग्नात एकच उखाणा पाच जणींनी घेतला, नुसती नवऱ्याची नावं बदलून."

"तुमच्या मालकांचं नाव काय? करतात काय?"

"बाळासाहेब. जेसीबी हाय त्यांचा."

दीपमालाने आरशापुढची एक पत्रावळ उलटी केली आणि लिहिलं:

जेसीबीच्या खोऱ्याला पिवळा पिवळा रंग,
बाळासाहेब शेजारी नि मी मोबाईलमध्ये दंग.

खोलीत जो हशा पिकला, तो मांडवात ऐकू गेला असावा. कारण पाठोपाठ बायकांची रांगच लागली. कुणाचा नवरा बँकेत, कुणाचा खडकवासल्याला पाटबंधाऱ्यात, एकीचा काहीच करत नव्हता आणि त्याचा उखाणा सगळ्यांत छान झाला. दीपमाला पानश्यांना विसरली म्हणायला हरकत नाही. तिच्यासमोर माणूस यायचं, दोन वाक्यं बोलायचं, आणि त्याच्याच तोंडचं वाटेल असं काहीतरी तिच्या पेनातून उतरायचं. हातात पत्रावळ घेऊन निघालेली प्रत्येक बाई, हे मला मघाशीच सुचलं होतं, अशा तोऱ्यात चालत होती.

इकडे पानसे फाटकाशी पोहोचले होते. पाटीवरचं 'मंगल' झेंडूच्या माळेखाली गेलेलं. त्यांनी चौकशी करायला तोंड उघडलं, तोच वधूपक्षाच्या दोन बायकांनी त्यांना ओवाळलं. झालं होतं असं, की नवऱ्या मुलाचे लोणी काळभोरचे काका कित्येक वर्षं भावाशी अबोला धरून बसले होते आणि आज येतो म्हणाले होते. नव्या सोयऱ्यांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, आणि ओळखणारी घरची माणसं बोहल्यापाशी अडकलेली. फक्त ऐकून होते, की काका फार खडूस आहेत, जपून बोला.

"मी इथे कामाला आलो आहे," पानसे म्हणाले.

"असू द्या, काका. आता राग सोडा."

"आपल्याला मी काका दिसतो?"

ओळख पटली. खडूस म्हणजे हेच. बघता बघता पानश्यांच्या डोक्यावर गुलाबी फेटा चढला, अंगावर अत्तर आलं आणि ते वरपक्षाच्या पहिल्या पंगतीत बसवले गेले. ते जेवढं तिरकं बोलत होते, तेवढे लोक त्यांच्यापुढे वाकत होते. मठ्ठा पातळ आहे म्हणाले, तर आचाऱ्याने हात जोडले. खरे काका शेवटपर्यंत आलेच नाहीत, आणि नवरीकडच्यांचा आजही समज असा आहे की समेट झाला.

दीपमाला बाहेर आली तेव्हा तिला पंगतीत गुलाबी फेट्याखाली तो चेहरा दिसला. पुस्तकांच्या मागच्या बाजूला तिने तो पाहिला होता. आणि तेवढ्यात बायकांनी पानश्यांना वेढा घातला. "काकू आल्या नाहीत, निदान नाव तरी घ्या! नाव घेतल्याशिवाय काकांना जिलबी नाही!"

"मी नाव घेत नाही," पानसे म्हणाले. "स्वतःच्या लग्नात घेतलं नाही."

"मग तर घ्यायलाच पाहिजे!"

आणि काय चमत्कार! चाळीस वर्षं मराठी वाक्यांना वळण लावणारा तो माणूस गप्प झाला. घाम आला त्यांना. ओठ हलले, पण यमक काही जुळेना. बायका टाळ्या वाजवत थांबलेल्या, सनईसुद्धा थांबली. दीपमालाला काय वाटलं ते तिचं तिलाच कळलं नाही; दया म्हणा, सवय म्हणा. शेजारच्या आत्याला तिने विचारून घ्यायला लावलं, काकूंचं नाव काय. "मृणाल," पानसे कसनुसं म्हणाले. दीपमालाने मठ्ठ्याचा पेला ठेवण्याच्या निमित्ताने दोन ओळी खरडलेला कागदी रुमाल त्यांच्या पानाशी सरकवला.

पानश्यांनी तो वाचला. हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला, पेन रुमालावर क्षणभर थांबलं आणि परत खिशात गेलं. मग ते उभे राहिले.

"जन्मभर दुसऱ्यांच्या लिहिण्यात काढत आलो खोट,
मृणालच्या संसारात मात्र ठेवायला जागा नाही बोट."

मांडव दणाणला. एका म्हातारीने तर त्यांच्यावरून बोटं मोडली. आत्या म्हणाली, "काका, तुम्ही केलात?"

"मग कोण करणार?" पानसे म्हणाले आणि त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला.

दीपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिथल्या तिथे ओरडून सांगावंसं वाटलं तिला. पण ती ओरडली नाही. पानसे हात धुऊन आले, फेटा काढून त्यांनी बायडाबाईंच्या मांडीवर ठेवला आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"कार्यालय पाहिलं," ते म्हणाले. "पत्त्यातून 'मंगल' गाळलंत. एका शब्दाने अर्थ बदलतो, हे तुम्हाला कळतं तर."

"सर, मी समजावून सांगते..."

"नको. कळवतो."

पुण्यात 'कळवतो' म्हणजे काय, ते जाणकारांना सांगायला नको. त्यानंतर माणूस कळवत नाही. दीपमालाने शब्दकोश पिशवीत भरले, रिक्षा केली आणि घरी येऊन साडी न बदलताच पलंगावर बसून रडली. संतोष ड्युटीवरून आला तेव्हा ती म्हणाली, "शाळेला हो म्हणून कळवून टाक."

संतोषला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण तो तिच्या शेजारी बसला. म्हणाला, "उद्या सांगू. आज राहू दे." मग स्वतःच उठून त्याने चहा केला, आणि बेल वाजली तेव्हा दार उघडून "त्या कामात आहेत" असं सांगून आनंदीबाईंना परत पाठवलं. लग्न झाल्यापासून असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता.

चहा पिऊन होतो न होतो, तोच फोन वाजला. पलीकडे बाईंचा आवाज होता.

"मी मृणाल पानसे. तुम्ही मला ओळखत नाही. आज हे एका लेखिकाबाईंना भेटायला म्हणून गेले होते, त्या तुम्हीच ना?"

"हो."

"आत्ता जेवायला बसलो होतो. मी पोळी वाढत होते, आणि यांनी नाव घेतलं. माझं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी आग्रह केला नव्हता. मला एवढंच विचारायचं होतं. खरं सांगा हं. ते तुम्ही लिहिलंत का?"

विचारलं. कोणीतरी विचारलं एकदाचं! इतकी वर्षं बरण्या, दात, भाषणं, सगळं लिहून ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो समोर आला होता. दीपमालाने मानही तिरकी केली. 'हो, माझंच ते' हे शब्द अगदी जिभेवर होते. पण त्या आवाजात एक धाकधूक होती. बाईंना हवं होतं ते उत्तर वेगळं होतं, आणि कोणाला काय हवं आहे ते ओळखून लिहिणं, हाच तर तिचा धंदा होता.

"छे हो," दीपमाला म्हणाली. "मी तिथे उभी होते. सरांनी आपणहून घेतलं. सगळा मांडव बघत राहिला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि बाई पुटपुटल्या, "बरं. थांबा, त्यांना बोलायचंय."

चपलांचा आवाज, दार लोटल्याचा आवाज, मग रस्त्यावरचे हॉर्न. पानसे गॅलरीत आले असावेत. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"डॉक्टरांचं पुस्तक छापून येईल," ते म्हणाले. "प्रकाशन होईल, परीक्षणं येतील. मग तुम्हाला कोणी गाठून विचारील, हे तुम्ही लिहिलंत का?"

"कुठले डॉक्टर?" दीपमालाने विचारलं.

पानश्यांनी घसा साफ केला. "सोमवारी येऊन त्यांच्या मुलाखतीच्या टेप घेऊन जा. आणि बसायचं तिथेच बसा. मुहूर्त असेल त्या दिवशी मला आधी कळवत जा, मठ्ठा जरा घट्ट करायला सांगता येईल."

फोन ठेवला. संतोष दारात उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"काय म्हणाले? तुझं लिहिणं आवडलं का त्यांना?"

"माझं?" दीपमाला म्हणाली. "मी कुठं काय लिहिलंय? शाळेला नाही म्हणून सांग."